देणगीचा संगणक आधी कोरा करा, मगच मुलांच्या हाती द्या



नेहमीच्या निबंधांपेक्षा आजचा विषय थोडा वेगळा आहे, पण आहे आपल्या वर्गातलाच.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा सर्वसाधारण आधार थांबवला. विंडोज ११ च्या अटी बऱ्याच जुन्या यंत्रांना पूर्ण करता येत नाहीत. त्यामुळे कार्यालयांत आणि कंपन्यांत जुने संगणक बदलले जात आहेत. हे काढलेले संगणक टाकाऊ असतात असं समजू नका. बिझनेस मॉडेल मुळातच दणकट बांधलेली असतात आणि अजून काही वर्षं सहज चालतात. त्यातले काही सीएसआरमधून, काही माजी विद्यार्थ्यांच्या ओळखीतून आपल्या शाळांत येतात. छोटासा कार्यक्रम होतो, फोटो निघतो, जडसंग्रह नोंदवहीत नोंद होते आणि दुसऱ्या दिवशी मुलं त्यावर बसतात.

माझं म्हणणं असं आहे की तो फोटो आणि मुलांचा पहिला तास यांच्या मध्ये एक दिवस हवा. त्या एका दिवसात संगणक पूर्ण कोरा करायचा आणि त्यावर ऑपरेटिंग सिस्टिम मुळापासून नव्याने टाकायची. याला 'क्लीन इन्स्टॉल' म्हणतात. संगणक जुना असो की जेम पोर्टलवरून घेतलेला कोरा करकरीत असो, हा दिवस टाळू नये. आणि हे काम शिक्षकाने स्वतः शिकून घ्यावं, असंही माझं ठाम मत आहे.

आत आधीच काय भरलेलं असतं?

कार्यालयातून आलेल्या संगणकात त्या कार्यालयाचा संसार असतो. कुठल्यातरी कर्मचाऱ्याचं खातं, ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड, पगारपत्रकाच्या फाइल, कंपनीच्या नेटवर्कला जोडणारा प्रोग्राम, कर्मचारी काय करतो यावर नजर ठेवणारा प्रोग्राम. देणाऱ्याने वरवर साफ केलं असलं तरी यातलं बरंच काही मागे राहतं. एका शाळेत आलेल्या संगणकावर रोज सकाळी 'आपल्या कंपनीच्या सर्व्हरशी संपर्क होत नाही' असा निरोप यायचा. तो बंद केल्याशिवाय मुलांना पुढे जाता यायचं नाही. दोन महिने सगळ्यांनी ते तसंच चालवून घेतलं.

नवीन संगणकात दुसऱ्या प्रकारची गर्दी असते. तीस दिवस चालणारा अँटिव्हायरस, मुदतीचं ऑफिस, बनवणाऱ्या कंपनीची चार-पाच 'मदतनीस' ॲप, खरेदीच्या संकेतस्थळांचे शॉर्टकट, गेम. हे सगळं तिथे फुकट येऊन बसत नाही. आपला प्रोग्राम आधीच भरून मिळावा म्हणून सॉफ्टवेअर कंपन्या संगणक बनवणाऱ्यांना पैसे देतात. म्हणजे त्या पडद्यावरची जागा आपण यंत्र विकत घेण्याआधीच विकली गेलेली असते.

हे किती टोकाला जातं याची दोन उदाहरणं सांगतो. मार्च २००८ मध्ये सोनीने अमेरिकेत आपल्या काही लॅपटॉपसाठी 'फ्रेश स्टार्ट' नावाचा पर्याय ठेवला होता. आधीपासून भरलेले चाचणी प्रोग्राम नको असतील तर ते काढून देण्याचे सुमारे ५० डॉलर. तोही विंडोज व्हिस्टाची बिझनेस आवृत्ती निवडणाऱ्यांनाच. लोकांनी आरडाओरडा केल्यावर सोनीने ते पैसे लगेच रद्द केले. पण विचार करा, स्वच्छ यंत्र मिळावं ही ग्राहकाची साधी अपेक्षा, आणि ती किंमत लावून विकायला ठेवली होती.

दुसरं उदाहरण जास्त गंभीर आहे. २०१४ मध्ये लेनोव्होच्या काही घरगुती लॅपटॉपमध्ये 'सुपरफिश' नावाचा जाहिराती दाखवणारा प्रोग्राम आधीच भरलेला होता. तो नुसत्या जाहिराती दाखवून थांबत नव्हता. त्याने संगणकात स्वतःचं सुरक्षा प्रमाणपत्र बसवलं होतं, आणि त्यामुळे ब्राउझरमधलं सुरक्षित जोडणीचं कुलूपच कमकुवत झालं होतं. फेब्रुवारी २०१५ मध्ये हे उघड झालं. कंपनीला तो काढायचं साधन द्यावं लागलं आणि २०१७ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाशी तडजोड करावी लागली. त्यांची बिझनेससाठीची थिंकपॅड मालिका यातून सुटली होती, हेही सांगायला हवं. मुद्दा एका कंपनीचा नाही. आधीच भरलेलं सामान कुणाच्या सोयीसाठी भरलंय हे आपल्याला माहीत नसतं, हा मुद्दा आहे.

वर्गात याचं काय होतं?

कुणी म्हणेल, चार जास्तीचे प्रोग्राम असले तर बिघडलं काय? बिघडतं ते असं.

तास ३५ मिनिटांचा, संगणक दोन किंवा चार, मुलं तीस-चाळीस. एका जोडीच्या वाट्याला जेमतेम पाच-सात मिनिटं येतात. त्यातली पहिली दोन मिनिटं यंत्र सुरू होण्यात जातात, कारण सुरू होतानाच दहा प्रोग्राम एकदम जागे होतात. मग उजव्या कोपऱ्यात खिडकी उघडते, 'तुमचं संरक्षण संपलं आहे, आत्ताच नूतनीकरण करा.' मूल मान वळवून आपल्याकडे बघतं. आपण दुसऱ्या जोडीपाशी असतो. मग ते काय करतं? 'येस' दाबतं. पुन्हा खिडकी आली, पुन्हा 'येस'.

मला सगळ्यात जास्त खटकतं ते हेच. आपण मुलांना शिकवतो की अनोळखी माणसाने दिलेलं काही घेऊ नका, न वाचता सही करू नका. आणि त्याच मुलांना संगणकाची पहिली सवय लागते ती न वाचता 'हो' म्हणायची. इंग्रजीतला निरोप, घाबरवणारा लाल रंग, आणि तो घालवायचा एकच उपाय म्हणजे बटण दाबणं. आठ-नऊ वर्षांच्या वयात ही सवय लागली की पुढे मोबाइलवर ओटीपी मागणाऱ्याला 'नाही' म्हणायचं बळ कुठून येणार?

दुसरी गोष्ट. आपल्याकडे मुलांचा संगणक आणि ऑफिसचा संगणक वेगळा असतोच असं नाही. सकाळी मुलं ज्यावर चित्र काढतात त्याच यंत्रावर दुपारी यू-डायस प्लस, सरल, शालार्थ भरलं जातं. मुलांचे आधार क्रमांक, शिष्यवृत्तीसाठीची बँक खाती, पालकांचे मोबाइल क्रमांक सगळं त्यातून जातं. ज्या यंत्रात आत काय बसलंय हे आपल्यालाच माहीत नाही, त्यावर ही माहिती भरणं मला बरोबर वाटत नाही. पालकांनी ती विश्वासाने दिलेली असते.

"चालतंय ना सर, मग कशाला हात लावायचा?"

ही सगळ्यात पहिली हरकत. त्यामागची भीती खरी आहे. सरकारी वस्तू, बिघडली तर जबाबदारी कुणाची? पण ऑपरेटिंग सिस्टिम नव्याने टाकल्याने यंत्राच्या सुट्या भागांचं काही बिघडत नाही. अर्धवट राहिलं तर पुन्हा पेन ड्राइव्ह लावून पहिल्यापासून सुरू करता येतं. वर्गातली पाटी पुसून परत लिहिण्यासारखंच आहे हे.

दुसरी हरकत, "आम्ही शिक्षक आहोत, तंत्रज्ञ नाही." मान्य. अध्यापन पदविकेत आपल्याला हे कुणी शिकवलेलं नव्हतं. पण मतदार याद्या, पोषण आहाराचे हिशोब, ऑनलाइन माहिती हे तरी कुठे शिकवलं होतं? तेवढ्यात हे एक काम असं आहे की ज्याचा फायदा थेट मुलांना होतो.

तिसरी हरकत, "दुकानवाल्याकडून फॉरमॅट मारून घेतलाय की." इथे जरा थांबा. दुकानदाराने काय टाकलं हे विचारलंत का? बऱ्याचदा त्याच्याकडे एकच तयार कॉपी असते, ती तो सगळ्यांच्या यंत्रात ओततो. परवाना नसेल तर 'ॲक्टिव्हेटर' चालवतो, आणि तो चालावा म्हणून आधी अँटिव्हायरस बंद करतो. असे ॲक्टिव्हेटर हा व्हायरस पसरण्याचा जुना आणि ठरलेला रस्ता आहे. म्हणजे आपण पैसे देऊन एक घाण काढली आणि दुसरी भरून घेतली. दुकानदार वाईटच असतो असं नाही. गिऱ्हाईक 'लवकर द्या, स्वस्तात द्या' म्हणतं, तो तेच देतो.

गंमत म्हणजे त्या चोरीच्या कॉपीची बहुतेक वेळा गरजच नसते. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ नंतर, ज्या संगणकांसोबत कारखान्यातूनच विंडोज आलं त्यांची परवाना-किल्ली मदरबोर्डच्या चिपमध्येच साठवलेली असते. त्याच प्रकारची आवृत्ती, होमला होम आणि प्रोला प्रो, नव्याने टाकली की ती किल्ली आपोआप वाचली जाते. बिझनेस मॉडेलसोबत बहुधा प्रो आवृत्ती आलेली असते. मात्र त्या कार्यालयाने नंतर स्वतःची 'एंटरप्राइझ' आवृत्ती टाकलेली असेल तर तो परवाना त्यांचा असतो, यंत्राबरोबर आपल्याकडे येत नाही. कोरं करून प्रो टाकण्याचं हेही एक कारण आहे.

रिसेट आणि क्लीन इन्स्टॉल एकच नाही

बरेच जण सेटिंगमध्ये जाऊन रिसेट करतात आणि काम झालं म्हणतात. घरचा संगणक असेल तर तेवढं चालतं. पण कंपनीने दिलेल्या रिकव्हरी पार्टिशनमधून यंत्र परत उभं केलं तर त्यात कारखान्यात भरलेलं सगळं सामान परत येतं. चाचणीचा अँटिव्हायरससुद्धा नव्या तीस दिवसांसह हजर. क्लीन इन्स्टॉलमध्ये आपण बाहेरून, म्हणजे पेन ड्राइव्हवरून यंत्र सुरू करतो, डिस्कवरचे सगळे विभाग काढून टाकतो आणि मूळ कंपनीने दिलेली सिस्टिम रिकाम्या जागेत बसवतो.

संगणक स्वीकारण्याआधी चार गोष्टी विचारा

देणगीचा संगणक असेल तर खरं काम यंत्र येण्याआधीच सुरू होतं. देणाऱ्याला नम्रपणे, पण लेखी विचारा.

१. बायोसचा पासवर्ड काढला आहे का? तो राहिला तर पेन ड्राइव्हवरून यंत्र सुरूच करता येत नाही, अशी वेळ येऊ शकते.

२. यंत्र कंपनीच्या व्यवस्थापन यादीतून काढलं आहे का? हे फार महत्त्वाचं. अनेक कंपन्या मायक्रोसॉफ्टच्या 'ऑटोपायलट' नावाच्या सोयीत आपली यंत्रं नोंदवतात. अशा यंत्रावर कितीही वेळा नव्याने विंडोज टाकलं तरी इंटरनेट मिळताच ते त्या कंपनीचं लॉगिन मागतं. ही नोंद आपल्याला काढता येत नाही, कंपनीच्या आयटी विभागालाच काढावी लागते.

३. जुनी माहिती नीट पुसली आहे का? ही जबाबदारी देणाऱ्याची आहे. नुसते विभाग काढल्याने जुनी माहिती कायमची जातेच असं नाही, विशेष प्रोग्रामने ती परत मिळवता येते. उद्या आपली शाळा जुना संगणक निर्लेखित करून ई-कचऱ्यात देईल तेव्हा हाच नियम आपल्यालाही लागू होतो, हे लक्षात ठेवा.

४. यंत्र देणगी दिल्याचं पत्र मिळेल का? नोंदवहीसाठी लागतंच, पण उद्या कुठे नोंद अडकली तर कंपनीकडे दाद मागायलाही तोच कागद उपयोगी पडतो.

तो एक दिवस

आता प्रत्यक्ष काम. मी इथे प्रत्येक बटण सांगत बसत नाही, फक्त जिथे लोक अडकतात त्या जागा सांगतो.

आधी आपल्या जुन्या फाइल. शाळेचाच जुना संगणक कोरा करत असाल तर सगळी माहिती बाहेर काढून घ्या, आणि फाइलसोबत फॉन्टही घ्या. हे मराठी शाळांसाठी मुद्दाम सांगतोय. दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या प्रश्नपत्रिका, दाखल्यांचे नमुने, अहवाल हे श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेले असतात. ते युनिकोड नाहीत. फॉन्ट गेला की तीच फाइल उघडल्यावर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात. फाइल खराब झालेली नसते, तिची लिपी दाखवणारा फॉन्ट हरवलेला असतो. पण तोपर्यंत मुख्याध्यापकांचा जीव वर-खाली झालेला असतो.

मग पेन ड्राइव्ह. विंडोजसाठी मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून 'मीडिया क्रिएशन टूल' घ्या आणि किमान ८ जीबीचा रिकामा पेन ड्राइव्ह वापरा, कारण त्यावरचं सगळं पुसलं जातं. विंडोज ११ ची फाइल पाच जीबीहून मोठी आहे, गावातल्या नेटवर ती उतरवणं जिवावर येतं. म्हणून तालुक्याला किंवा घरी एकदाच उतरवा. तोच पेन ड्राइव्ह शाळेतल्या सगळ्या यंत्रांना चालतो.

यंत्र सुरू करताना बूट मेन्यू उघडावा लागतो. डेल आणि लेनोव्होवर साधारणपणे एफ १२, एचपीवर एफ ९. यादीतून पेन ड्राइव्ह निवडा. पुढे डिस्कची यादी येईल, तिथे त्या डिस्कचे सगळे विभाग एकेक करून काढा. शेवटी एकच मोकळी जागा उरली पाहिजे. तिच्यावर टिचकी मारून पुढे जा. विभाग मोठ्या आकाराचा आहे म्हणून घाबरून तो ठेवू नका. रिकव्हरी नावाचा विभागही ठेवू नका, जुनं सामान तिथेच असतं.

काही नव्या यंत्रांवर इन्स्टॉल करताना डिस्क दिसतच नाही. ती खराब नसते, तिच्यासाठी इंटेलचा एक ड्रायव्हर लागतो. संगणक बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर यंत्राचा क्रमांक टाकला की तो मिळतो. तिथूनच वाय-फायचा ड्रायव्हरही आधी उतरवून दुसऱ्या पेन ड्राइव्हवर ठेवा. नाहीतर नवी सिस्टिम बसते, पण इंटरनेट नाही, आणि इंटरनेट नाही म्हणून ड्रायव्हर मिळत नाही, असा पेच पडतो. तेवढ्यापुरता मोबाइल यूएसबी केबलने जोडून टेदरिंग केलं तरी बहुतेक वेळा काम भागतं.

सिस्टिम बसली की तीन कामं लगेच करा. सेटिंगमध्ये ॲक्टिव्हेशन झालंय का बघा. सगळे अपडेट घ्या. आणि दोन खाती बनवा, एक शिक्षकाचं, ज्यातूनच नवीन प्रोग्राम टाकता येईल, आणि दुसरं मुलांचं साधं खातं. या एका गोष्टीने पुढच्या अर्ध्या कटकटी थांबतात. मुलाने चुकून 'येस' दाबलं तरी यंत्र शिक्षकाचा पासवर्ड मागतं. मग मूल हाक मारतं, "सर, हे काय विचारतंय?" आपल्याला हाच प्रश्न हवा असतो.

मराठी टायपिंगसाठी वेगळं काही विकत घ्यायची गरज नाही. भाषेच्या सेटिंगमध्ये मराठी जोडलं की इन्स्क्रिप्ट कीबोर्ड मिळतो, आणि २०१९ पासून विंडोजमध्ये मराठी फोनेटिक कीबोर्डही आहे. मुलांना पहिल्यापासून युनिकोडचीच सवय लावा.

विंडोज की लिनक्स?

विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षा चिप लागते. इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा हवा. यात बसणारं यंत्र असेल तर विंडोज ११ टाका. आडमार्गाने अटी चुकवून टाकायच्या युक्त्या व्हिडिओंमध्ये दिसतात, त्या शाळेच्या यंत्रावर नकोत.

ज्या यंत्रात ते बसत नाही त्यावर लिनक्स टाका, असं मी आग्रहाने म्हणेन. लिनक्स मिंटला किमान २ जीबी रॅम लागते, ४ असेल तर उत्तम. लिब्रेऑफिस आत आलेलंच असतं, चाचणीची मुदत नाही, परवान्याचा खर्च नाही. आधी पेन ड्राइव्हवरून नुसतं चालवून बघता येतं, आवडलं तरच डिस्कवर टाका. इन्स्क्रिप्ट कीबोर्ड तिथेही आहे. ब्राउझरमध्ये चालणारी आपली बहुतेक कामं त्यावर होतात. एखादा जुना प्रिंटर किंवा डिजिटल सहीचं टोकन मात्र अडू शकतं, म्हणून ऑफिसचं एक यंत्र विंडोजवर ठेवून मुलांची यंत्रं लिनक्सवर ठेवणं सोयीचं पडतं.

"मुलांना पुढे विंडोजच लागणार ना?" असं पालक विचारतात. पालकहो, चौथीतल्या मुलाने फाइल साठवणं, शोधणं, टाइप करणं, चित्र काढणं शिकायचंय. ते एका सिस्टिमवर आलं की दुसऱ्या सिस्टिमवर जमतं. केरळकडे बघा. तिथे २००१ मध्ये 'आयटी ॲट स्कूल' प्रकल्प सुरू झाला, २०१७ मध्ये त्याची 'काईट' ही संस्था झाली. तिथल्या सरकारी शाळांत मुक्त सॉफ्टवेअरवर शिकवलं जातं आणि शाळांसाठी उबुंटूवर आधारलेली स्वतःची सिस्टिम तयार केली जाते. संगणक कुठल्याही कंपनीचा असो, मुलासमोर येतो तो शाळेने ठरवलेला पडदा. मला यातलं लिनक्सपेक्षाही 'शाळेने ठरवलेला' हे जास्त महत्त्वाचं वाटतं.

एवढ्याने सगळं सुटत नाही

क्लीन इन्स्टॉल म्हणजे रामबाण नव्हे, हेही सांगतो. काही यंत्रांत बनवणाऱ्याचा प्रोग्राम बायोसमध्येच दडलेला असतो आणि नवी विंडोज बसली की तो स्वतःला परत बसवतो. लेनोव्होच्या काही मॉडेलमध्ये २०१५ मध्ये असं आढळलं होतं आणि नंतर कंपनीने बायोसचं अपडेट देऊन ते काढलं. म्हणून बायोस अपडेट करणंही या दिवसाच्या कामात धरा, फक्त ते चालू असताना वीज जाणार नाही अशी सोय बघा. लॅपटॉप असेल तर बॅटरी भरलेली हवी, डेस्कटॉप असेल तर यूपीएस हवा.

जुन्या यंत्रात फिरती हार्ड डिस्क असेल तर नवी सिस्टिम टाकूनही ते फार पळणार नाही. तिच्या जागी एसएसडी बसवली तर फरक जाणवतो. लोकसहभागातून एखादी वस्तू मागायची असेल तर दाराच्या फलकाऐवजी ही मागा.

आता काम कुणी करायचं?

पालकांना माझी विनंती आहे. गावातली कितीतरी मुलं आज पुण्या-मुंबईला, हिंजवडीला आयटीत काम करतात. दिवाळीला, यात्रेला गावी येतात. त्यांच्याकडून शाळेसाठी देणगी मागतोच आपण, एखादा दिवसही मागा. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत फक्त 'संगणक किती आले' हे न विचारता 'त्यावर सिस्टिम कोणी टाकली, परवाना आहे का, मुलांचं खातं वेगळं आहे का' हेही विचारा. हे तीन प्रश्न विचारायला संगणक यावा लागत नाही.

शिक्षक मित्रांनो, केंद्राच्या पुढच्या शिक्षण परिषदेत अर्धा तास यासाठी मागून घ्या. केंद्रात दोन पेन ड्राइव्ह ठेवू, एक विंडोज ११ चा आणि एक लिनक्स मिंटचा, वर चिठ्ठी आणि तारीख. पहिल्या वेळी दोघांनी मिळून एक यंत्र करा, दुसरं आपोआप जमतं. एसएसडी असेल तर एका यंत्राला साधारण तासभर लागतो. आणि जमलं तर सातवी-आठवीची दोन-चार मुलं शेजारी बसवा. पडद्यावर काय विचारतंय ते त्यांना मोठ्याने वाचायला सांगा, अर्थ समजल्यावरच पुढचं बटण दाबू द्या.

तुमच्या शाळेत कपाटात पडून असलेलं, 'स्लो आहे' म्हणून बाजूला ठेवलेलं एखादं यंत्र नक्की असेल. सुरुवात त्याच्यापासून करा. कुठे अडलात तर यंत्राचं मॉडेल आणि पडद्यावरचा निरोप जसाच्या तसा लिहून कळवा, आपण मिळून मार्ग काढू.